युद्धाची किंमत मोजणारे पाहुणे

व्हिएतनाममधील युद्धबंदीच्या करारावर पॅरिसमध्ये स्वाक्षऱ्या झाल्या, तो दिवस होता २७ जानेवारी १९७३. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर 'मॅश' या विनोदी मालिकेचा एक भाग प्रक्षेपित झाला. कोरियन युद्धाच्या आघाडीमागे तंबूंत थाटलेल्या लष्करी रुग्णालयात मालिकेचा नायक, शल्यचिकित्सक हॉकआय पिअर्स, याला त्याचा जुना मित्र भेटायला येतो. हा टॉमी गिलिस पेशाने पत्रकार. सैनिकाच्या नजरेतून युद्ध लिहायचे म्हणून तो स्वतःच सैन्यात भरती झालेला आहे. ज्याला गोळी लागते त्याला तिचा आवाज कधी ऐकू येत नाही, हे त्याच्या नियोजित पुस्तकाचे सूत्र. भागाच्या उत्तरार्धात तोच जखमी होऊन शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतो, आपल्याला गोळीचा आवाज ऐकू आला असे मित्राला सांगतो आणि मरतो. एरवी थट्टामस्करीत रमणारा हॉकआय त्या दिवशी रडतो.

गिलिसची भूमिका करणारे जेम्स कॅलहन हे या मालिकेचे पाहुणे कलाकार होते. एका भागापुरते आले आणि गेले. मात्र 'मॅश'विषयी प्रेक्षकांत आजही चर्चा निघते तेव्हा या भागाचा उल्लेख टळत नाही. हसण्यासाठी लावलेल्या मालिकेत माणूस मेला, हा तेव्हाच्या प्रेक्षकांना बसलेला धक्का होता. मालिका खऱ्या अर्थाने याच भागापासून सुरू झाली, असे मानणारे अनेक आहेत. विनोदाला येथूनच ग्रहण लागले, असे म्हणणारेही आहेत. अर्ध्या शतकानंतरही एका पाहुण्या भूमिकेवर असा मतभेद टिकून असेल, तर तो केवळ अभिनयाच्या गुणदोषांचा असू शकत नाही. युद्धाची किती किंमत आपल्याला पडद्यावर पाहवते, हा त्यामागचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आज नव्याने उभा राहण्याला कारणेही आहेत. मालिकेत मेजर मार्गारेट हूलिहानची भूमिका करणाऱ्या लोरेटा स्विट यांचे ३० मे २०२५ रोजी निधन झाले आणि जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी जाग्या झाल्या. त्याआधी १ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत या मालिकेवर एक विशेष कार्यक्रम दाखवण्यात आला होता. मालिका चालू असताना जन्मलेलीही नव्हती अशी पिढी ती आता आपल्या सवडीने, एकामागून एक भाग लावून पाहते. याच काळात २०२२ पासून युक्रेनमधील आणि २०२३ पासून गाझामधील युद्धाची दृश्ये घरोघरच्या पडद्यांवर पोहोचली. पडद्यावरच्या युद्धात आपण नेमके कोणासाठी हळहळतो, हे तपासण्यासाठी 'मॅश'मधील पाहुण्या भूमिका आणि त्यांच्यावरील प्रेक्षकांची मते यांच्याइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

मालिकेचे गणित

'मॅश' १७ सप्टेंबर १९७२ रोजी सुरू झाली आणि २८ फेब्रुवारी १९८३ रोजी संपली. रिचर्ड हूकर या टोपणनावाने एका लष्करी शल्यचिकित्सकाने लिहिलेली कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली होती; रॉबर्ट ऑल्टमन यांनी १९७० मध्ये तिच्यावर चित्रपट केला आणि त्यानंतर लॅरी गेलबार्ट व जीन रेनॉल्ड्स यांनी ती छोट्या पडद्यावर आणली. अकरा हंगाम आणि अडीचशेहून अधिक भाग असा तिचा विस्तार. प्रत्यक्ष कोरियन युद्ध जून १९५० ते जुलै १९५३ असे तीन वर्षे आणि एक महिना चालले. म्हणजे युद्धाच्या तिपटीहून अधिक काळ त्यावरची मालिका चालली.

या लांबीतच एक अडचण दडलेली होती. दर आठवड्याला चालणाऱ्या मालिकेत मुख्य पात्रांना मरता येत नाही. पुढच्या आठवड्यात ती हवी असतात. प्रेक्षकालाही हे ठाऊक असते, त्यामुळे तंबूवर बॉम्ब पडले तरी हॉकआयच्या जिवाची त्याला फारशी धास्ती वाटत नाही. परंतु कोणीच मरत नसेल ते युद्ध कसले? मग मरण कोणाच्या तरी वाट्याला यावे लागते, आणि ते येते पाहुण्याच्या. स्ट्रेचरवरून येणारा प्रत्येक सैनिक हा एका भागाचा पाहुणा असतो. त्याचे नाव, गाव, खिशातले पत्र हे सारे वीस-पंचवीस मिनिटांत सांगून व्हावे लागते आणि तेवढ्यात प्रेक्षकाचा जीव त्याच्यावर जडावा लागतो. युद्धपट मालिकांत पाहुण्या कलाकाराचे काम म्हणूनच इतर मालिकांहून अवघड असते. कौटुंबिक मालिकेतला पाहुणा चार दिवस गंमत करून जातो; युद्धमालिकेतला पाहुणा युद्धाची किंमत मोजून जातो.

हा अलिखित नियम निर्मात्यांनी १८ मार्च १९७५ रोजी एकदा मोडला. मॅक्लीन स्टीव्हन्सन यांनी साकारलेला कर्नल हेन्री ब्लेक घरी परत निघतो, सर्वांचा निरोप घेतो आणि शेवटी त्याचे विमान पाडले गेल्याची, त्यातून कोणीही वाचले नसल्याची बातमी येते. त्यावर संतापलेल्या प्रेक्षकांच्या पत्रांचा ढीग पडला. आम्ही हसण्यासाठी ही मालिका पाहतो, आमच्या माणसाला का मारले, असा त्यांचा सूर होता. या रागाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. त्याआधी अडीच-तीन वर्षे दर आठवड्याला या तंबूत तरुण मुले येत होती आणि त्यांतली काही मरत होती. त्यांच्यासाठी पत्रांचा असा ढीग पडला नव्हता. 'आपला माणूस' आणि 'पाहुणा' यांच्या मरणात प्रेक्षकाने केलेला हा फरक मालिकेच्या पलीकडेही लागू पडतो, हे सांगण्याची गरज नाही.

ओळखीचा चेहरा, अनोळखी चेहरा

गिलिसच्या त्याच भागात आणखी एक पाहुणा होता. वय चोरून नौसैनिकांच्या दलात भरती झालेल्या अल्पवयीन वेंडेलची भूमिका रॉन हॉवर्ड यांनी केली होती. बालकलाकार म्हणून ते अमेरिकेत आधीच घराघरांत पोहोचले होते आणि पुढे दिग्दर्शक म्हणून ख्यातनाम झाले. मित्राच्या मृत्यूनंतर हॉकआय या मुलाचे खरे वय लष्करी पोलिसांना सांगून टाकतो. मुलगा चिडतो, आयुष्यभर तुमचा द्वेष करीन म्हणतो; आणि हा द्वेष दीर्घायुषी ठरावा, अशीच हॉकआयची इच्छा असते. एक पाहुणा मेला म्हणून दुसरा वाचला, अशी ही रचना आहे.

प्रेक्षकांची मते या दोन पाहुण्यांबाबत वेगवेगळी होतात, ती का हे समजण्याजोगे आहे. हॉवर्ड यांना पाहताच आजचा प्रेक्षक पात्राआधी कलाकाराला ओळखतो. 'अरे, हा तर तोच' या आनंदात काही क्षण जातात आणि तेवढ्यापुरते युद्ध मागे पडते. कॅलहन यांच्या बाबतीत असे होत नाही. त्यांचा चेहरा बहुसंख्य प्रेक्षकांना नावानिशी ठाऊक नव्हता, त्यामुळे ते सरळ गिलिस म्हणूनच आले आणि गिलिस म्हणूनच गेले. प्रसिद्धी ही पाहुण्या भूमिकेची शोभा असते, असा दूरचित्रवाणीचा व्यापारी समज आहे. युद्धाच्या कथेत मात्र ती पुष्कळदा भूमिकेच्या आड येते. सैनिक अनोळखी असावा लागतो, कारण प्रत्यक्ष युद्धातही तो तसाच असतो.

भारतीय प्रेक्षकाला या संदर्भात दूरदर्शनवरची चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' ही १९८०च्या दशकाच्या अखेरीची मालिका आठवेल. तिच्यात कायमचे पात्र असे नव्हतेच. दर भागाचा नायक वेगळा, म्हणजे प्रत्येक नायक हा एका भागाचा पाहुणा. आणि बहुतेक जण भागाअखेर धारातीर्थी पडणार, हे शीर्षकावरूनच कळत असे. नसीरुद्दीन शाह यांच्यासारख्या नामवंताने अब्दुल हमीद यांची भूमिका केली, तेव्हा कलाकाराच्या ओळखीवर त्या शिपायाची ओळख मात करील की नाही, हीच त्या भूमिकेची कसोटी होती.

ऐकून घेणारा पाहुणा

'मॅश'मधील सर्वांत आवडता पाहुणा कोण, या प्रश्नाला जुने आणि नवे प्रेक्षक बहुधा एकच उत्तर देतात : डॉ. सिडनी फ्रीडमन. हा लष्करी मनोविकारतज्ज्ञ अकरा वर्षांत अवघ्या डझनभर भागांत आला. पत्ते खेळायला यायचा, कोणाचे तरी ऐकून घ्यायचा आणि जायचा. ही भूमिका करणारे ॲलन आर्बस यांचा जन्म १९१८चा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी लष्करासाठी छायाचित्रकार म्हणून काम केले. पुढे पत्नी डायान आर्बस यांच्यासह त्यांनी फॅशन छायाचित्रणाचा व्यवसाय केला. डायान यांचे नाव नंतर छायाचित्रकलेच्या इतिहासात कोरले गेले. ॲलन मात्र पन्नाशीच्या आसपास अभिनयाकडे वळले. १९ एप्रिल २०१३ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या भूमिकेला मिळालेली सर्वांत बोलकी पावती एका सहकलाकाराची आहे. हॉकआय साकारणारे ॲलन आल्डा यांनी सांगितले आहे की, आर्बस हे खरोखरच मनोविकारतज्ज्ञ आहेत अशी आपली इतकी खात्री झाली होती, की चित्रीकरणाच्या मधल्या वेळेत आपण त्यांच्याजवळ बसून तशाच गोष्टी बोलू लागलो. त्यांना त्यातले काही कळत नाही हे ध्यानात यायला वेळ लागला. रोजच्या सहकाऱ्याची ही स्थिती, तर प्रेक्षकांनी त्यांना डॉक्टर मानले यात नवल नाही.

या विश्वासाचे कारण आर्बस यांच्या अभिनयात शोधावे लागते. ते फार कमी करतात. समोरचा बोलत असताना मध्ये पडत नाहीत, चेहऱ्यावर करुणेचा आव आणत नाहीत आणि वाक्य संपल्यावर क्षणभर थांबतात. ज्या तंबूत प्रत्येक जण टाळ्याखाऊ वाक्य फेकण्याच्या तयारीत असतो, तेथे एक माणूस नुसता ऐकतो आहे, हेच लक्ष वेधून घेते. १९७५ मधील एका भागात सत्तावन्न बॉम्बफेकी मोहिमा करून आलेला एक वैमानिक स्वतःला येशू ख्रिस्त समजू लागतो. हा बनाव आहे, याला परत विमानात बसवा, असा वरून दबाव असतो. सिडनी त्या वैमानिकाशी हळू आवाजात बोलतो आणि निष्कर्ष काढतो, की हा माणूस ख्रिस्त नाही, पण तो आता बॉम्बही टाकणार नाही. येथे निदानाबरोबर एक नैतिक निवाडाही झालेला असतो, तो कोठेही आवाज न चढवता.

हे सारे कोणत्या काळात घडत होते, तेही पाहिले पाहिजे. व्हिएतनामहून परतलेल्या हजारो सैनिकांच्या मनाच्या जखमांना तेव्हा वैद्यकशास्त्रात एक सर्वमान्य नावही नव्हते. आघातोत्तर मानसिक विकृतीचा समावेश अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीत झाला तो १९८० मध्ये. त्याआधी सात वर्षे सिडनी फ्रीडमन अमेरिकी घरांत येऊ लागला होता. झोप न लागणे, हात थरथरणे, स्वतःचे नाव विसरणे ही भित्रेपणाची लक्षणे नाहीत, हे एका पाहुण्या पात्राने कोट्यवधी लोकांसमोर पुन्हा पुन्हा मांडले. प्रेक्षकांचे त्याच्यावरील प्रेम हे बऱ्याच अंशी या दिलाशाचे प्रेम आहे.

प्रेमाआड लपलेला प्रश्न

तथापि हे प्रेम एक गैरसोयीची गोष्ट झाकून टाकते. लष्करी मनोविकारतज्ज्ञाचे काम केवळ बरे करण्याचे नसते, बरे करून परत पाठवण्याचे असते. कोरियात अमेरिकी लष्कराने वापरलेली पद्धत अशीच होती. खचलेल्या सैनिकाला फार मागे न्यायचे नाही, आघाडीजवळच लगेच उपचार करायचे, विश्रांती द्यायची आणि 'तू पुन्हा तुझ्या तुकडीत जाणार आहेस' ही अपेक्षा त्याच्या मनात जागी ठेवायची. सैनिक मोठ्या संख्येने परत उभे राहिले म्हणून ही पद्धत यशस्वी मानली गेली. त्यांपैकी किती जण पुढे त्याच आघाडीवर पडले, हा प्रश्न त्या यशाच्या हिशेबात बसत नाही.

मालिकेने हा प्रश्न टाळला नाही, हे तिचे मोठेपण. १९७७ मधील एका भागात सिडनी स्वतः जखमी होऊन येतो आणि त्याच खेपेला असा एक तरुण सैनिकही येतो, ज्याला सिडनीनेच बरा म्हणून आघाडीवर परत पाठवलेले असते. तो मुलगा त्याच्याकडे पाहायलाही तयार नसतो. त्याआधी १९७६ मध्ये, आल्डा यांनीच लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या एका भागात, एका रुग्णाच्या आत्महत्येने खचलेला सिडनी विश्रांतीसाठी या रुग्णालयात येऊन राहतो आणि सिग्मंड फ्रॉइडला पत्र लिहीत बसतो. या भागाच्या दिग्दर्शनासाठी आल्डा यांना एमी पुरस्कार मिळाला. दुसऱ्यांचे ऐकणाऱ्याचे कोण ऐकणार, हा त्यातला सल आहे. केवळ गोड आठवणी काढणाऱ्यांपेक्षा या दोन भागांवर बोलणाऱ्या प्रेक्षकांनी ही भूमिका अधिक खोलवर पाहिली, असे म्हणावे लागेल.

भूमिकेवर आक्षेपही आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. उत्तरार्धात मालिका उपदेशाकडे झुकली आणि सिडनी हा त्या उपदेशाचा प्रवक्ता झाला, अशी एका गटाची तक्रार आहे. लष्कर म्हणजे मूर्ख आणि डॉक्टर तेवढे शहाणे, असे चित्र रंगवल्याची टीकाही जुनीच; मूळ कादंबरीकारालाही मालिकेचा युद्धविरोधी सूर पसंत नव्हता. दुसरा आक्षेप वैद्यकीय आहे. संमोहनाने किंवा दडलेली आठवण एका बैठकीत वर काढून रुग्ण बरा होतो, असे मालिकेत दिसते. १९९०च्या दशकात 'दडपलेल्या स्मृतीं'वरून मानसशास्त्रात मोठा वाद झाला आणि अशा आठवणींच्या विश्वासार्हतेवर गंभीर शंका घेतल्या गेल्या. आजचा जाणकार प्रेक्षक म्हणूनच त्या दृश्यांकडे थोडा सावध होऊन पाहतो.

आपल्याच देशात पाहुणे

हा आक्षेप सर्वाधिक लागू पडतो तो मालिकेच्या अखेरच्या भागाला. २८ फेब्रुवारी १९८३ रोजी सुमारे १० कोटी ५९ लाख अमेरिकी प्रेक्षकांनी तो पाहिला. अमेरिकेत कथात्मक मालिकेच्या कोणत्याही एका भागाला एवढा प्रेक्षकवर्ग त्यानंतर लाभलेला नाही. हॉकआय मनोरुग्णालयात आहे आणि सिडनी त्याच्याकडून एका बसप्रवासाची आठवण काढून घेतो आहे. शत्रू जवळच असतो, सर्वांनी गप्प राहायचे असते आणि मागे बसलेल्या एका कोरियन बाईजवळची कोंबडी आवाज करीत असते. हॉकआय तिच्यावर ओरडतो, ती कोंबडीचा गळा दाबते. सिडनी पुन्हा पुन्हा त्याच जागी आणून उभा करतो, तेव्हा कळते की ती कोंबडी नव्हती. ते तिचे मूल होते.

हा प्रसंग पाहून सुन्न न झालेला प्रेक्षक विरळा. आल्डा आणि आर्बस यांच्या अभिनयावर त्यावेळी आणि नंतरही भरभरून बोलले गेले. परंतु त्या दृश्यात आणखी एक पाहुणी आहे, ती आई. तिला नाव नाही. मूल तिचे गेले, उपचार मात्र हॉकआयवर होतात. त्या बसमधून उतरून ती कोठे गेली, हे कोणी विचारत नाही. दहा कोटींहून अधिक लोक त्या रात्री एका अमेरिकी डॉक्टरच्या मनासाठी रडले. ज्या बाईसाठी रडायचे, ती पार्श्वभूमीत राहिली.

येथे मालिकेच्या पाहुण्या भूमिकांचा सर्वांत अवघड मुद्दा समोर येतो. कोरियात घडणाऱ्या या कथेत कोरियन माणसे बव्हंशी पाहुणी होती : धोबी, विक्रेते, अनाथ मुले, जखमी कैदी. आणि त्या भूमिका करणारे बहुतेक कलाकार कोरियन नव्हते. दक्षिण कोरियाच्या सैन्यातील कॅप्टन पाक झालेले पॅट मोरिटा हे जपानी वंशाचे अमेरिकी नागरिक होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले, तेव्हा बालवयात ते त्यांत होते. जपानमधील कोबे येथे जन्मलेले माको चार वेळा आले : एकदा चिनी डॉक्टर, एकदा दक्षिण कोरियाचा मेजर, एकदा त्याच सैन्याचा लेफ्टनंट आणि एकदा उत्तर कोरियाचा सैनिक. शेवटच्या भागात क्लिंगरशी विवाह करणारी कोरियन तरुणी सून-ली ही भूमिका चिनी वंशाच्या रोझलिंड चाओ यांनी केली. कोरियात जन्मलेले सून-टेक ओ हे मोजक्या अपवादांपैकी एक. १९७६ मधील एका भागात त्यांनी कैदी म्हणून आलेला उत्तर कोरियाचा शल्यचिकित्सक रंगवला. हॉकआय आणि त्याचा सहकारी त्याला दक्षिणेचा डॉक्टर म्हणून खपवतात, कारण टेबलावर पडलेल्याला सर्जन कोणत्या बाजूचा याच्याशी देणेघेणे नसते.

१९७०च्या दशकातील प्रेक्षकांच्या मतांत या गोष्टीची दखल क्वचितच दिसते. आजच्या प्रेक्षकांच्या मतांत मात्र ती ठळकपणे येते. हा निव्वळ आजच्या फुटपट्टीने कालचे मोजण्याचा प्रकार आहे, असे म्हणून तो झटकता येणार नाही. माको आणि ओ यांनी इतर सहकाऱ्यांसह १९६५ मध्येच लॉस एंजेलिसमध्ये 'ईस्ट वेस्ट प्लेयर्स' ही आशियाई अमेरिकी कलावंतांची नाट्यसंस्था उभी केली होती, ती नेमकी याच कारणाने. आपल्याला मिळतात त्या भूमिका तोकड्या आहेत, ही जाणीव तेव्हाही होती. ती ऐकणारे थोडे होते, एवढेच. न्यायाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. याच मालिकेने आशियाई कलाकारांना त्या काळी इतरत्र मिळत नव्हते एवढे काम दिले, आणि शत्रूलाही डॉक्टर, कवी, पिता म्हणून दाखवण्याचे धैर्य तिने केले. तरीही कोरियन युद्धात सुमारे ३६ हजार अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले आणि कोरियन मृतांची संख्या लाखांत गेली, हे प्रमाण मालिकेतील अश्रूंच्या वाटपात उलटे झालेले आहे, हे नाकारता येत नाही.

महाराष्ट्राशी जोडलेला दुवा

कोरियातील या तंबूंशी भारताचाही संबंध होता, याची आठवण आपल्याकडे फारशी उरलेली नाही. भारताने लढाऊ सैन्य न पाठवता ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियाला धाडली. मार्च १९५१ मध्ये मुन्सान येथे अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर या तुकडीतील डॉक्टर आणि जवानांनीही उड्या घेतल्या व जखमींवर उपचार केले. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. युद्धबंदीनंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांचा ताबा भारतीय सैन्याकडे आला, तेव्हा त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. ज्या युद्धात हजारो माणसे दोन्ही बाजूंना नकोशी झाली होती, त्या युद्धात एका मराठी सेनानीने ती सांभाळली. अशा एका कैद्याची कथाही एखाद्या मालिकेचा पाहुणा होण्याजोगी आहे; परंतु आपल्या पडद्याला तिची आठवण झालेली नाही.

हशा आणि भोंगा

'मॅश'च्या प्रक्षेपणात ध्वनिमुद्रित हशा असावा, असा वाहिनीचा आग्रह होता. गेलबार्ट यांना तो मान्य नव्हता. अखेर तडजोड झाली : शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हशा वाजणार नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका त्या हशाशिवायच दाखवली. तेच दृश्य, तोच अभिनय. पण एका देशातील प्रेक्षकाला कुठे हसायचे ते सांगितले गेले, दुसऱ्या देशातील प्रेक्षकाला ते स्वतः ठरवावे लागले. प्रेक्षकांचे मत म्हणून आपण जे वाचतो, त्यात वाहिनीने आधीच पेरलेला आवाज किती आणि प्रेक्षकाचा स्वतःचा किती, हे यासाठी विचारायला हवे.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत आपल्याकडील वृत्तवाहिन्यांवर हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे पार्श्वसंगीतासारखे वाजत होते. हे आवाज कार्यक्रमांत वापरू नका, खऱ्या भोंग्याकडे लोक दुर्लक्ष करू लागतील, अशी सूचना नागरी संरक्षण यंत्रणेला माध्यमांना करावी लागली. तेव्हा हशा पेरला जात होता, आता भोंगा पेरला गेला. दोन्हींचे काम एकच : समोर जे चालले आहे ते पाहून काय वाटायला हवे, हे प्रेक्षकाच्या वतीने आधीच ठरवून टाकणे. शस्त्रक्रियेच्या तंबूत हशा नको, एवढे तारतम्य १९७२ मध्ये एका विनोदी मालिकेने मिळवले होते. बातम्यांच्या पडद्याला अर्ध्या शतकानंतर ते साधले नाही.

आवाज बंद केला म्हणजे काय उरते, हे आर्बस यांच्या भूमिकेने दाखवले : समोरच्याचे बोलणे आणि ते ऐकणारा एक माणूस. प्रेक्षकांनी त्या पाहुण्यावर जीव लावला, तो कदाचित म्हणूनच. मात्र त्याच प्रेक्षकांनी बसमधल्या आईचे नाव विचारले नाही, आणि विचारायला चाळीसहून अधिक वर्षे जावी लागली. युद्धाच्या कोणत्याही कथेत, मग ती मालिकेतली असो वा बातमीतली, काही माणसे पुढच्या भागातही दिसणार असतात आणि काही एकदाच येऊन जातात. पहिल्यांची नावे आपल्याला पाठ असतात. दुसऱ्यांची नावे विचारण्याचे काम उरते ते प्रेक्षकाकडे.